शून्य लिहा, पैसे घ्या

मंडळी, हार्टफर्ड हे शहर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय ते आय-८४ वरून, गाडीच्या काचेतून. कनेक्टिकटची राजधानी आणि इन्शुरन्स कंपन्यांचं माहेरघर. इन्शुरन्स म्हटलं की जुनी मेनफ्रेम आली, मेनफ्रेम म्हटली की कोबोल आलं आणि कोबोल म्हटलं की पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेले आपण आलो. सकाळी ग्लास्टनबरी, फार्मिंग्टन, व्हर्नन नाहीतर रॉकी हिलहून गाडी काढायची, हार्टफर्डच्या गॅरेजात लावायची आणि संध्याकाळी साडेपाचला पुन्हा घरी. घरी फोनवर विचारलं की सांगायचं "हार्टफर्डला असतो". पत्त्यावर मात्र गाव वेगळंच असतं. मीही त्यातलाच एक.

ही दोन गावांमधली रेघ नकाशावर दिसते तेवढी साधी नाही. कनेक्टिकटमध्ये १६९ गावं आहेत आणि प्रत्येक गाव म्हणजे स्वतंत्र संस्थान. स्वतःची शाळा, स्वतःचा मालमत्ता कर, स्वतःचे झोनिंगचे नियम. काउंटी सरकार नावाची मधली पायरी या राज्याने १९६० मध्येच मोडीत काढली. त्यामुळे श्रीमंत गाव आणि गरीब शहर शेजारी-शेजारी असले तरी हिशेबाच्या वह्या वेगळ्या. १९७५ साली हार्टफर्ड शहराने या रेघेवरूनच आपल्या सात शेजारी गावांच्या पैशांविरुद्ध कोर्टात दावा ठोकला. पैसे होते केंद्र सरकारचे, 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट' या योजनेतले. अमेरिकेत तिला सगळे सीडीबीजी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दाव्याची गोष्ट मजेशीर आहे, पण त्याआधी हे पैसे कुठून आले ते बघू. नाहीतर घोळ होईल.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अमेरिकन शहरांना एक हत्यार दिलं: अर्बन रिन्यूअल. शहराने 'गलिच्छ वस्ती' ठरवायची, जमीन ताब्यात घ्यायची, पाडायची आणि साफ जागा बिल्डरला द्यायची. यात जो तोटा होईल त्याचा दोन तृतीयांश वॉशिंग्टन भरणार. आता दोन तृतीयांश खर्च दुसरा करतोय म्हटल्यावर पाडायला कोण मागे राहील? हार्टफर्डमध्ये नदीकाठी फ्रंट स्ट्रीट म्हणून इटालियन लोकांची जुनी वस्ती होती. ती १९५० च्या दशकाच्या शेवटी पाडून तिथे कॉन्स्टिट्यूशन प्लाझा उभा राहिला. जमिनीपासून वर उचललेला काँक्रीटचा चौथरा, त्यावर ऑफिसं. डाउनटाउनमध्ये काम करणाऱ्यांनी तो पाहिलाच असेल. दुपारी बाराला तिथे सँडविच खाणारे लोक असतात आणि सहानंतर चिटपाखरू नसतं.

पुढच्या वीस वर्षांत वॉशिंग्टनने अशा योजनांची रांगच लावली. पाणी आणि सांडपाण्यासाठी एक, मोकळ्या जागांसाठी एक, वस्तीतल्या सोयींसाठी एक, घरदुरुस्तीच्या कर्जासाठी एक, १९६६ पासून 'मॉडेल सिटीज' म्हणून आणखी एक. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, प्रत्येकीचा साहेब वेगळा. ज्या शहराकडे अर्ज लिहिण्यात पटाईत माणसं, त्याला पैसे जास्त. न्यू हेवनसारखी शहरं यात वाकबगार होती. गरज किती यापेक्षा फॉर्म कसा भरला याला महत्त्व. (आपल्या धंद्यात आरएफपी लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

लोकांचा सहभाग हाही त्या काळातला परवलीचा शब्द. शेरी अर्नस्टाइन नावाच्या बाई 'मॉडेल सिटीज'च्या काळात हड, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यात, नेमका हाच विषय सांभाळत होत्या. १९६९ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात आठ पायऱ्यांची एक शिडी काढली. सगळ्यात खालच्या पायरीवर लोकांना नुसतं झुलवणं आणि सगळ्यात वर खुद्द लोकांच्या हाती कारभार. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, सल्ला घेणं वगैरे. बाईंचं म्हणणं असं की बहुतेक ठिकाणी गाडी या मधल्या पायऱ्यांवरच अडते. नगररचनेच्या कॉलेजात ही शिडी आजही शिकवतात. पुढे सुनावण्यांबद्दल बोलू तेव्हा ती डोक्यात असू द्या.

निक्सनला हा सगळा पसारा मान्य नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं: वॉशिंग्टनमधल्या बाबूला काय कळतं कुठल्या गल्लीत गटार हवंय ते? पैसे एकगठ्ठा शहराला द्या, शहर ठरवेल. १९७१ पासून तो हे मांडत होता, पण काँग्रेस ऐकेना. मग जानेवारी १९७३ मध्ये त्याने अनुदानित घरांच्या नव्या मंजुऱ्याच थांबवल्या. शहरांची पंचाईत झाली आणि बोलणी सुरू झाली. कायदा तयार होईपर्यंत वॉटरगेटने निक्सनचा निकाल लावला होता. ९ ऑगस्ट १९७४ ला त्याने पद सोडलं आणि तेरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, जेराल्ड फोर्डने 'हाउसिंग अँड कम्युनिटी डेव्हलपमेंट अॅक्ट' वर सही केली. सात जुन्या योजना एका पोत्यात घातल्या गेल्या. ते पोतं म्हणजे सीडीबीजी.

आता आपल्या आवडीचा भाग, फॉर्म्युला. :)

अर्जांची स्पर्धा संपली, आता शहराचा वाटा गणिताने ठरणार होता. ५० हजारांहून मोठी शहरं आणि मोठ्या काउंट्या यांचा हक्काचा वाटा, बाकीच्यांचा राज्याच्या हिश्शातून. १९७४ चं सूत्र अगदी सुटसुटीत होतं. लोकसंख्येला २५ टक्के वजन, दाटीवाटीच्या घरांना २५ आणि गरिबीला ५०. कागदावर कुणालाही पटेल असं. पण आकडे घालून बघितले तेव्हा ईशान्येकडच्या आणि मिडवेस्टच्या जुन्या शहरांचे डोळे पांढरे झाले. दाटी होती दक्षिणेत आणि पश्चिमेत, जिथे लोक येत होते. जुन्या शहरांतून लोक निघून चालले होते, घरं मोडकी होती पण रिकामीही होती. सूत्राच्या लेखी त्यांचं दुखणं दिसतच नव्हतं.

म्हणून १९७७ मध्ये, कार्टरच्या काळात, दुसरं सूत्र आलं. यात गरिबीला ३० टक्के, १९४० पूर्वीच्या घरांना ५० टक्के आणि 'वाढीतल्या तुटी'ला २०. वाढीतली तूट म्हणजे १९६० पासून बाकीची शहरं सरासरी जेवढी वाढली तेवढं हे शहर वाढलं असतं तर त्याची लोकसंख्या किती असती, आणि आज प्रत्यक्षात किती आहे, यातला फरक. हार्टफर्डची लोकसंख्या १९५० मध्ये १,७७,३९७ होती, १९७० मध्ये १,५८,०१७ झाली आणि १९८० मध्ये १,३६,३९२. म्हणजे या रकान्यात हार्टफर्ड पहिल्या बाकावर. आणि युक्ती अशी की जुनं सूत्र काढून टाकलं नाही. दोन्ही चालवायची आणि शहराला ज्यात जास्त मिळेल ते द्यायचं. साहजिकच बेरीज तिजोरीपेक्षा जास्त होते, मग सगळ्यांना त्याच प्रमाणात कात्री. जुना कोड डिलीट करायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून बाजूला नवा लिहायचा आणि दोन्हींतला मोठा आउटपुट घ्यायचा... ओळखीचं वाटतंय ना?

हे दोन सूत्रांचं गाडं आजतागायत चालू आहे, आणि जुन्या कोडमध्ये असतात तसे यातही किडे आहेत. '१९४० पूर्वीचं घर' हा पडक्या घराचा पुरावा मानला होता. १९७७ मध्ये ते बऱ्यापैकी खरंही होतं. आज तसलं घर म्हणजे ओक लाकडाची जमीन, रंगीत काचा आणि मिलियनच्या घरात किंमत. शहराने एखादं मोडकं जुनं घर पाडलं तर त्याचा वाटा कमी होतो, पण श्रीमंताने विकत घेऊन चकचकीत केलं तर तो तसाच राहतो. गरिबीच्या रकान्यात वसतिगृहाबाहेर भाड्याने राहणारे कॉलेजचे विद्यार्थी मोजले जातात, कारण त्यांचं उत्पन्न कागदावर शून्याजवळ असतं. त्यामुळे विद्यापीठांची गावं खऱ्यापेक्षा गरीब दिसतात. हडने स्वतःच २००५ मध्ये या सगळ्याचा मोठा अभ्यास काढला आणि सूत्र गरजेपासून दूर सरकत चालल्याचं मान्य केलं. बॉस्टनशेजारच्या न्यूटनसारख्या सधन गावालाही सीडीबीजी मिळतं, हे उदाहरण तेव्हापासून टीकाकारांच्या तोंडी असतं. त्याच वर्षी धाकट्या बुशने ही योजना इतर सतरा योजनांबरोबर गुंडाळून वाणिज्य खात्याकडे द्यायचा प्रस्ताव मांडला होता. काँग्रेसने तो उडवून लावला. का? कारण बाराशेहून जास्त ठिकाणी पैसे जातात आणि जवळपास प्रत्येक खासदाराच्या मतदारसंघात त्यातलं एखादं ठिकाण असतंच. सूत्र बदललं तर कुणाचा तरी वाटा कमी होणार, आणि तो खासदार ओरडणार.

असो. हे झालं वॉशिंग्टन ते शहर. खरी गंमत शहराच्या आत सुरू होते, कारण तिथे फॉर्म्युला नाही. तिथे माणसं आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत शहरांनी जे केलं ते अपेक्षितच म्हणायचं. कायद्यात गरिबांना प्राधान्य द्या असं म्हटलं होतं, पण किती टक्के ते लिहिलेलं नव्हतं. आर्कान्सातल्या लिटल रॉकने दीड लाख डॉलर्स खर्चून टेनिस कोर्टं बांधली, तीही शहराच्या खात्यापित्या भागात. दक्षिणेतल्या शहरांवर नजर ठेवणाऱ्या एका संस्थेने १९७६ मध्ये हे उघड केलं. तिथल्या एका अधिकाऱ्याने त्यांना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: एवढा पैसा असेल तिथे राजकारण असणारच, आम्ही मतं देणाऱ्यांच्या गरजा लक्षात ठेवतो, आणि गरीब लोक मत देत नाहीत. एवढं स्वच्छ बोलणारा अधिकारी आज औषधालाही सापडणार नाही.

मग काँग्रेसने हळूहळू कुंपणं घातली. निम्न आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांवर किमान किती खर्च हवा? १९८३ मध्ये ५१ टक्के, १९८७ मध्ये ६०, १९९० मध्ये ७०. पाळणाघर, वृद्धांचं जेवण, तरुणांचे कार्यक्रम अशा 'सेवां'वर जास्तीत जास्त १५ टक्के. नियोजन आणि ऑफिसच्या खर्चावर जास्तीत जास्त २० टक्के. उरलेलं विटा-सिमेंटवर: घरदुरुस्ती, फुटपाथ, वस्तीतली केंद्रं, शिशाचा रंग खरवडणं वगैरे.

हिशेब करून बघा. अलीकडच्या वर्षांत हार्टफर्डला साधारण साडेतीन मिलियन डॉलर्स मिळत आलेत. २० टक्के ऑफिसला गेले म्हणजे सात लाख. १५ टक्के सेवांना म्हणजे सव्वापाच लाख. समजा अर्ज केलेल्या पस्तीस संस्थांना तुम्ही ते सारखे वाटलेत, तर प्रत्येकीला पंधरा हजार. एका पूर्णवेळ माणसाचा अर्धा पगारही निघत नाही, आणि त्यासाठी तिमाही अहवाल, लाभार्थ्यांच्या उत्पन्नाचे दाखले आणि हडच्या कॉम्प्युटर प्रणालीत नोंदी. तरीही बहुतेक शहरं असंच वाटप करतात, सत्यनारायणाच्या प्रसादासारखं. द्रोण लहान असला तरी हरकत नाही, पण कुणी रिकाम्या हाताने जायला नको. कारण रिकाम्या हाताने गेलेला माणूस पुढच्या सुनावणीला येतो आणि नगरसेवकाचं नाव घेऊन बोलतो.

यात नगरसेवकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून बघा. दक्षिण भागात फूड पँट्री आहे, उत्तर भागात शाळेनंतरचा वर्ग आहे, दोन्ही चालवणारी माणसं तुमच्यासमोर उभी आहेत. एकाला शून्य आणि दुसऱ्याला तीस हजार हे कोणत्या तोंडाने सांगाल?

व्हर्जिनियातल्या रिचमंडने मात्र ते सांगितलं. १९९८-९९ च्या सुमाराला तिथल्या महापालिकेने ठरवलं की सीडीबीजी आणि घरांसाठीचा 'होम' निधी यांतला बराचसा भाग मोजक्या वस्त्यांतच घालायचा. चर्च हिल, जॅक्सन वॉर्ड, ब्लॅकवेल अशा काही वस्त्या निवडल्या आणि त्यांच्याही आत मोजून सहा ते बारा ब्लॉक्स आखले. नाव दिलं 'नेबरहुड्स इन ब्लूम'. विशेष म्हणजे ज्या नगरसेवकांच्या भागाला काहीच मिळणार नव्हतं त्यांनीही मत दिलं. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर निवडलेल्या ब्लॉक्समधल्या घरांच्या किमती शहराच्या सरासरीपेक्षा वर्षाला ९.९ टक्क्यांनी जास्त वेगाने वाढल्या होत्या. जादू वाटते, पण तर्क साधा आहे. एका गल्लीतली दहा पडकी घरं एकदम दुरुस्त झाली तर अकराव्याचा मालक स्वतःच्या पैशाने रंग काढतो. दहा गल्ल्यांत एकेक घर दुरुस्त झालं तर कुणाला कळतही नाही. आता किमती वाढल्या म्हणजे भाडीही वाढली, आणि चर्च हिलमध्ये आज कोण राहतं हा तिथे तापलेला विषय आहे. मला विचाराल तर तरीही रिचमंडचा निर्णय बरोबर होता, कारण तो निर्णय तरी होता. प्रसाद वाटणं म्हणजे निर्णय टाळणं.

आणि सुनावण्या? त्या होतात. कायद्याने किमान दोन व्हाव्याच लागतात. मसुदा जाहीर करून लोकांना लेखी मत द्यायला तीस दिवस द्यावे लागतात. जाहिरात येते, खोली उघडते, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. बोलायला येतात ते मुख्यतः पैसे मागणाऱ्या संस्थांचे लोक. तोपर्यंत आकड्यांचा तक्ता तयार झालेला असतो. अर्नस्टाइनबाईंच्या शिडीवर ही कोणती पायरी ते तुम्हीच ठरवा.

आता हार्टफर्डचा दावा.

१९७४ च्या कायद्यात एक कलम असं होतं की जे वाचून आजही आश्चर्य वाटतं. पैसे हवे असतील तर गावाने 'गृहसाहाय्य आराखडा' द्यायचा. त्यात आज गावात राहणाऱ्या गरजू कुटुंबांचा आकडा तर हवाच, पण आणखी एक आकडा हवा: नोकऱ्यांमुळे वगैरे जी निम्न उत्पन्नाची कुटुंबं या गावात राहायला येतील अशी अपेक्षा आहे, ती किती? कायद्याच्या उद्देशातच लिहिलं होतं की वेगवेगळ्या उत्पन्न गटांचं एकमेकांपासून तुटलेपण कमी करायचंय. म्हणजे सौदा असा: उपनगरा, तुला फुटपाथ आणि गटारासाठी पैसे देतो, पण तुझ्या कारखान्यात, तुझ्या दुकानात, तुझ्या दवाखान्यात जी माणसं कामाला येतात त्यांना राहायला जागा होईल असं बघ.

नोकऱ्या तर तिकडे चालल्याच होत्या. कनेक्टिकट जनरल ही बडी विमा कंपनी १९५७ मध्येच हार्टफर्ड सोडून ब्लूमफील्डच्या हिरवळीवर गेली होती. विमानांची इंजिनं बनवणारी प्रॅट अँड व्हिटनी नदीपलीकडे ईस्ट हार्टफर्डमध्ये होती. तेव्हा 'किती कुटुंबं येतील' या प्रश्नाला काहीतरी उत्तर असायलाच हवं होतं.

सात गावांनी अर्ज केले: वेस्ट हार्टफर्ड, ईस्ट हार्टफर्ड, ग्लास्टनबरी, फार्मिंग्टन, एनफील्ड, विंडसर लॉक्स आणि व्हर्नन. एकूण मागणी सुमारे ४४ लाख डॉलर्सची. ईस्ट हार्टफर्ड सोडून बाकी सहा गावांनी त्या रकान्यात लिहिलं: शून्य.

हो, शून्य. म्हणजे आमच्या गावात निम्न उत्पन्नाचं एकही कुटुंब राहायला येण्याची अपेक्षा नाही. आणि हडने ते चालवून घेतलं. खात्याने मे १९७५ मध्ये अंतर्गत टिपण काढून पहिल्या वर्षापुरती या आकड्याची सूट दिली होती, की आकडेवारी नीट उपलब्ध नाही, तेव्हा राहू दे. फॉर्ममधला अनिवार्य रकाना शून्य टाकून पुढे ढकलायचा आणि व्हॅलिडेशन बंद ठेवायचं, हा शोध काही आपल्या पिढीचा नाही.

तेव्हा हार्टफर्डच्या कौन्सिलवर निकोलस कार्बोन यांचं वजन होतं. बहुमताचे नेते, हाडाचे राजकारणी, आणि शहराचे प्रश्न शहराच्या हद्दीत सुटणार नाहीत हे ओळखलेला माणूस. ऑगस्ट १९७५ मध्ये शहराने हडच्या सचिव कार्ला हिल्स यांना प्रतिवादी करून दावा लावला. मागणी स्वतःसाठी पैशांची नव्हती. मागणी होती की या सात गावांचे पैसे थांबवा, कारण त्यांनी कायद्यातली अट पाळलेली नाही.

जानेवारी १९७६ मध्ये न्यायाधीश ब्लूमनफेल्ड यांनी हार्टफर्डच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या मते तो आकडा म्हणजे कायद्याचा गाभा होता. तो न मागता अर्ज मंजूर करण्याचा अधिकार सचिवांना नव्हता. सातही गावांचे पैसे गोठले. देशभरच्या उपनगरांत खळबळ उडाली, कारण शून्याचा शोध काही एकट्या कनेक्टिकटमध्ये लागलेला नसणार. अपिलात त्याच वर्षी तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल कायम ठेवला.

मग १९७७ मध्ये अपील कोर्टाचं पूर्णपीठ बसलं आणि निकाल उलटला. शून्य बरोबर होतं असं कोर्ट म्हणालं का? नाही. कोर्ट म्हणालं की हार्टफर्डला दाद मागण्याचा हक्कच नाही. शेजाऱ्याचे पैसे थांबले म्हणून तुझा काय फायदा? ते पैसे तुलाच मिळतील याची खात्री नाही. गावं अट पाळून घरं बांधतील याचीही नाही, ती सरळ 'नको तुमचे पैसे' म्हणतील. तुझं नुकसान नुसतं अंदाजाचं. १९७८ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि विषय संपला.

कायदेशीर युक्तिवाद म्हणून तो चूक आहे असं मला म्हणता येत नाही, मी वकील नाही. पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. अट कायद्यात आहे. ती मोडली गेली. ती पाळून घ्यायचं काम हडचं, आणि हडने सूट दिली. ज्या शहराच्या अंगावर परिणाम होतो ते विचारू शकत नाही. मग उरलं कोण विचारायला? जे कुटुंब ग्लास्टनबरीत राहायला आलंच नाही, ते? त्या कुटुंबाला तर आपण 'न आलेलं कुटुंब' आहोत हेही ठाऊक नसणार.

तो आराखडा १९९० च्या कायद्याने गेला. त्याच्या जागी पुढे पाच वर्षांचा 'एकत्रित आराखडा' आला, ज्यात गावाने फक्त एक हमीपत्र जोडायचं की आम्ही घरांच्या बाबतीत भेदभाव दूर करायला झटू. हमीपत्र म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. 'मी अटी वाचल्या आहेत' वर टिचकी मारतो तसं.

अशाच एका टिचकीने न्यूयॉर्कजवळची वेस्टचेस्टर काउंटी गोत्यात आली. वर्षानुवर्षं हमीपत्र जोडून तिने ५२ मिलियन डॉलर्सच्या आसपास निधी घेतला होता. २००६ मध्ये एका संस्थेने दावा लावला, आणि हार्टफर्डची फसलेली चाल तिने खेळलीच नाही. आपलं नुकसान झालं असं तिने म्हटलंच नाही. तिने वापरला लिंकनच्या काळातला एक कायदा, जो सरकारला खोटं सांगून पैसे घेणाऱ्यांविरुद्ध कुणालाही दावा लावू देतो. दाद मागण्याच्या हक्काचा प्रश्नच मिटला. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी हमीपत्र खोटं ठरवलं आणि ऑगस्टमध्ये ६२.५ मिलियनची तडजोड झाली. काउंटीने प्रामुख्याने गोऱ्या वस्तीच्या गावांत ७५० परवडणारी घरं बांधायची. घरांचा आकडा हळूहळू गाठला गेला, पण गावांचे झोनिंगचे नियम तपासायची वेळ आली तेव्हा काउंटी अडून बसली. हडने तिचा सीडीबीजी रोखून धरला आणि काउंटीने पैसे गेले तरी चालतील म्हणून तो जाऊ दिला. १९७७ च्या पूर्णपीठाचा अंदाज तेवढ्यापुरता खरा ठरला म्हणायचा. झोनिंगवरचा काउंटीचा अहवाल हडने अखेर २०१७ मध्ये, सरकार बदलल्यावर, स्वीकारला.

त्या हमीपत्राला दात देणारा नियम ओबामाच्या काळात २०१५ मध्ये आला, ट्रंपच्या काळात २०२० मध्ये गेला, २०२१ मध्ये थोडा परत आला आणि २०२५ मध्ये पुन्हा गेला. खुद्द सीडीबीजी बंद करायचा प्रस्ताव ट्रंपच्या अंदाजपत्रकात २०१७ मध्येही होता आणि २०२५ मध्येही. पहिल्या वेळी काँग्रेसने बंद तर केलं नाहीच, उलट पुढच्या वर्षी रक्कम वाढवून ३.३ बिलियन केली. दात नसलेल्या योजनेचे मित्र फार असतात.

कनेक्टिकटने १९८९ मध्ये स्वतःचा मार्ग काढला. ज्या गावात परवडणारी घरं १० टक्क्यांपेक्षा कमी आहेत, तिथे बिल्डरला झोनिंगविरुद्ध दाद मागणं सोपं केलं. तीसहून जास्त वर्षं झाली, १६९ पैकी त्या दहा टक्क्यांच्या वर गेलेली गावं तीसच्या आसपास. हार्टफर्डमध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त घरं या व्याख्येत बसतात. ग्लास्टनबरी अजून दहाच्या खाली आहे.

आणि एक शेवटची गोष्ट, जी हे सगळं वाचताना माझ्या लक्षात आली. 'निम्न-मध्यम उत्पन्न' म्हणजे महानगर प्रदेशाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी. हार्टफर्डसाठी तो मध्यम आकडा काढताना आपण, म्हणजे भोवतालच्या गावांत राहणारे दोन-दोन पगारांचे इन्शुरन्स-आयटीवाले, मोजले जातो. त्यामुळे १,२१,०५४ लोकांचं (२०२० ची जनगणना) हार्टफर्ड जवळपास अख्खंच पात्र ठरतं आणि ७० टक्क्यांची अट तिथे कुणाला अडवत नाही. सधन गावांत उलट. तिथे ५१ टक्के गरजू लोकांची वस्ती सापडत नाही, म्हणून कायद्यात त्यांच्यासाठी अपवाद आहे: तुमच्या गावातल्या त्यातल्या त्यात गरीब असलेल्या पाव हिश्शाला पात्र धरा. पैसे घेण्यापुरती गरीब वस्ती सापडायची सोय कायद्यानेच केली आहे. राहायला येणाऱ्यांचा रकाना मात्र आता फॉर्मवर नाही.

कट्रिनानंतर लुइझियानाने याच कायद्याखालचे अब्जावधी डॉलर्स घरमालकांना वाटताना जो फॉर्म्युला वापरला, आणि एकाच मापाच्या दोन घरांना त्यात वेगळी रक्कम कशी मिळाली, ते पुढच्या वीकांती.